बटाट्याचे हरवलेले रंग

आपल्या स्वयंपाकघरातल्या ज्या वस्तूकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो, तिच्याबद्दल आज बोलू या. ती वस्तू म्हणजे बटाटा.

तुमच्यापैकी जे पाटण्याला किंवा गुवाहाटीला राहतात, त्यांना बाजारात बटाट्याचे दोन ढीग नेहमी दिसत असतील. एक पांढरट-पिवळ्या सालीचा आणि दुसरा लाल सालीचा. कुठला हवा, हे तिथे सांगावं लागतं. पुण्याला किंवा नागपूरला मात्र "एक किलो बटाटे द्या" एवढं म्हटलं की काम होतं. कुठले, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आंब्याच्या बाबतीत आपण असं कधी करू का? हापूस, केशर, पायरी, लंगडा ही नावं आपल्या जिभेवर असतात. बटाटा मात्र आपल्यासाठी नुसता बटाटा.

गंमत म्हणजे ज्या मुलखात बटाटा जन्माला आला, तिथे आपल्या आंब्यांसारखीच त्याची नावं आहेत आणि रंग तर त्याहून जास्त आहेत. जांभळा, काळपट निळा, गुलाबी, केशरी-पिवळा, लाल. काही वाण असे, की कापल्यावर आत जांभळ्या-पांढऱ्या कड्या दिसतात. हे रंग आपल्यापर्यंत का पोहोचले नाहीत? वाटेत ते कुठे गळले? आणि गळले म्हणून काय बिघडलं? आजच्या भागात ही गोष्ट पाहू. शेवटी आपल्या गच्चीवर किंवा परसात रंगीत बटाटा लावायचा तर काय करायचं, तेही बघू. त्या छोट्या वाफ्याचा या मोठ्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

टिटिकाका सरोवराच्या काठी

दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचं मोठं सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. या परिसरात साधारण ८,००० वर्षांपूर्वी माणसाने रानटी बटाटा माणसाळवला, असं अभ्यासक मानतात. रानटी बटाटा लहान, कडू आणि बऱ्याचदा विषारी. त्यातून खाण्याजोगे कंद निवडत, पुन्हा लावत, पुन्हा निवडत तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वाण तयार केले. आज अँडीज पर्वतात बटाट्याचे ४,००० हून अधिक देशी वाण मोजले जातात.

तिथल्या केचुआ भाषेत बटाट्याला 'पापा' म्हणतात. वाणांची नावं ऐकण्यासारखी आहेत. एकाचं नाव 'पुमा माकी', म्हणजे पुमाचा पंजा, कारण तो दिसतो तसाच. दुसऱ्या एका वाणाच्या नावाचा अर्थ आहे 'सुनेला रडवणारा'. हा बटाटा इतका गाठीगाठींचा असतो, की सोलताना नव्या सुनेची परीक्षाच होते. सासू-सुनेचा हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे, असं समजायचं कारण नाही.

आता कुणी विचारेल, एवढे वाण कशाला? उत्तर डोंगरात आहे. अँडीजमधल्या शेतकऱ्याची जमीन एका तुकड्यात नसते. एक तुकडा खाली, एक वर, एक उन्हाकडे, एक सावलीत. खालचा वाण वर तग धरत नाही. अगदी उंचावर कडू बटाटे लावतात, कारण ते थंडीला दाद देत नाहीत. ते रात्रीच्या कडाक्यात पसरून गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. याला 'चुन्यो' म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. आपण वाळवणं करतो, तसाच हा प्रकार, फक्त उन्हाच्या जोडीला तिथे हिमही कामाला लावतात.

एकाच शेतात वीस-तीस वाण मिसळून लावायची तिथे रीत आहे. गारठा पडला तर काही जातील, काही राहतील. पाऊस कमी झाला तर दुसरे काही जातील, पण सगळे एकदम जाणार नाहीत. म्हणजे तो रंगीबेरंगी ढीग हा त्या घराचा विमा होता. लाल, जांभळा आणि निळा रंग अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतो, पिवळा रंग कॅरोटिनॉइडमुळे. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने रंग ही ओळखीची खूण होती. रंग वेगळा, आकार वेगळा, म्हणजे बहुधा वाण वेगळा, आणि त्याचा स्वभावही वेगळा.

जहाजात चढले मोजकेच

१५३७ च्या सुमारास आजच्या कोलंबियात शिरलेल्या स्पॅनिश सैनिकांनी बटाटा पाहिला. १५६७ मध्ये कॅनरी बेटांवरून अँटवर्पला बटाटे पाठवल्याची नोंद आहे, आणि १५७३ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयाच्या खरेदीत बटाटा दिसतो.

इथे एक अडचण होती. अँडीज विषुववृत्ताजवळ आहे. तिथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळपास सारखे. तिथल्या बटाट्याला कंद धरायला लहान दिवस लागतो. युरोपात उन्हाळ्याचा दिवस लांबच लांब. त्यामुळे पाला भरपूर यायचा, पण कंद धरेपर्यंत हिवाळा उजाडायचा. पुढे लांब दिवसांतही कंद धरणारे बटाटे निवडले गेले. त्यात दक्षिण चिलीकडून आलेल्या बटाट्यांचाही वाटा होता.

म्हणजे आधी जहाजात चढले मोजके वाण. त्यांतले युरोपच्या हवेत टिकले आणखी मोजके. ४,००० मधून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी घराणी शिल्लक राहिली आणि जगाने तीच पुढे वाढवली.

आता बटाट्याचा एक गुण लक्षात ठेवा. आपण बटाटा बियाण्यापासून लावत नाही, कंदाच्या डोळ्यापासून लावतो. डोळ्यातून आलेलं झाड ही आईची हुबेहूब प्रत असते. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. आईत जी कमजोरी, तीच लाखो लेकरांत.

आयर्लंड, १८४५

या धोक्याची किंमत आयर्लंडने मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडचा गरीब कुळवाडी बटाट्यावर जगत होता. मोठा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, कारण ताटात दुसरं काही नव्हतंच. चांगली जमीन आणि धान्य जमीनदाराच्या खंडात जायचं. उरलेल्या तुकड्यावर भरघोस येणारा एकच वाण गरिबांनी धरला. त्याचं नाव 'लंपर'. खराब जमिनीतही भरपूर यायचा, म्हणून गरिबाला तो परवडायचा.

१८४५ मध्ये करपा आला. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे त्याचं शास्त्रीय नाव. आज हिरवंगार दिसणारं शेत काही दिवसांत काळं पडायचं आणि जमिनीतले कंद सडून चिखल व्हायचे. लंपर या रोगापुढे अगदीच दुबळा होता. पुढची काही वर्षं हेच घडत राहिलं. सुमारे १० लाख माणसं भूक आणि रोगराईने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाख ५२ हजारांवर आली.

सगळा दोष एका वाणावर टाकणं बरोबर नाही. लोक उपाशी मरत असताना आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. जमीनदारी होती, लंडनच्या सरकारची बेफिकिरी होती. आपल्याकडच्या दुष्काळांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही. पण राज्यकर्त्यांनी माणसाला एका पिकावर आणलं होतं, आणि ते पीकही एकाच वाणाचं होतं. दुसरी फळी नव्हतीच. करप्याला तोंड देण्याची ताकद पुढे सापडली ती मेक्सिकोतल्या रानटी बटाट्यांत. जगातल्या कितीतरी नव्या वाणांत ती त्यांच्याकडून आली.

लेनिनग्राडचं तळघर

विसाव्या शतकात हा धडा ज्याने सगळ्यात आधी गांभीर्याने घेतला, त्या शास्त्रज्ञाचं नाव निकोलाय वाव्हिलोव. रशियातल्या लेनिनग्राडच्या संस्थेत त्याने जगभरच्या पिकांचं बियाणं जमवलं. त्याच्या सहकाऱ्यांनी १९२५ नंतर दक्षिण अमेरिका पालथी घातली आणि बटाट्याचे शेकडो देशी वाण आणले.

१९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. हा वेढा ८७२ दिवस चालला. शहराबाहेर पाव्हलोव्स्कच्या शेतात बटाट्याचा संग्रह उभा होता. अब्राम कामेराझ आणि ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्यात ते कंद खणून शहरात आणले. त्या हिवाळ्यात अनेक शहरवासीयांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. संस्थेच्या तळघरात बटाटे होते. ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून राखणदारांनी ऊब ठेवली, उंदरांपासून ते राखले, पण खाल्ले नाहीत. संस्थेतली अनेक माणसं भुकेने गेली. भाताच्या संग्रहाचे प्रमुख दिमित्री इव्हानोव्ह धान्याच्या पाकिटांजवळ असताना उपासमारीने वारले. आणि वाव्हिलोव? तो स्टालिनच्या कैदेत होता. १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

ती माणसं बटाट्याकडे काय म्हणून पाहत होती, याचा विचार करा. त्यांच्या लेखी प्रत्येक कंद हा पुन्हा न मिळणारा वाण होता. खाल्ला तर एका माणसाची एक वेळ भागली असती, राखला तर कधीतरी देशाच्या शेतात उपयोगी पडला असता.

आपल्याकडे कसा आला

आता भारतात येऊ. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला होता आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं! म्हणून सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी भारतात 'पोटॅटो' पाहिल्याचं लिहिलं, तरी तो बटाटा की रताळं, हे सांगणं अवघड जातं. हैदराबादकडच्या मंडळींना माहीत असेल, तेलुगूत बटाट्याला 'बंगाळादुंपा' म्हणतात, म्हणजे बंगालचा कंद. कुठून काय आलं, याची आठवण भाषा अशी जपून ठेवते.

महाबळेश्वरचीही यात एक गोष्ट आहे. इंग्रजांनी तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं, तेव्हा तिथे एक तुरुंग होता आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवले होते. या कैद्यांनी तिथे बटाटा आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. सह्याद्रीतल्या भाजीशेतीच्या इतिहासात या बिनावांच्या माणसांचा हात आहे.

भारतात जे जुने बटाटे रुळले, त्यांना शेतकऱ्यांनी आपली नावं दिली. मैदानी प्रदेशातही फुलायचा, म्हणून 'फुलवा'. साठ दिवसांत यायचा, म्हणून 'साठा'. गोल होता, तो 'गोला'. आणि दार्जिलिंगच्या डोंगरात एक लाल, गोल बटाटा होता, 'दार्जिलिंग रेड राउंड'. पण पाठोपाठ करपाही आला. १८७० ते १८८० च्या दरम्यान निलगिरीत आणि १८८३ मध्ये दार्जिलिंगला त्याची नोंद झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली. १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. जवळच्या कुफ्री गावात तिचं केंद्र आहे, म्हणून तिच्या वाणांच्या नावापुढे 'कुफ्री' लागतं. १९५८ मध्ये संस्थेने दार्जिलिंगच्या त्या लाल बटाट्यातून निवड करून 'कुफ्री रेड' दिला. त्याच्या संकरातून १९६७ मध्ये 'कुफ्री सिंदुरी' आला. आज पाटण्याच्या बाजारात लाल बटाटा घेताना त्यात सिंदुरी असेल, तर त्या जुन्या पहाडी बटाट्याचा अंश तुमच्या पिशवीत येतो. तो जुना वाण कुणी जपला नसता, तर सिंदुरीही झाला नसता.

याच जुन्या वाणांनी आणखी एक काम केलं. युरोपात पहिला बटाटा अँडीजमधून आला की चिलीतून, हा शास्त्रज्ञांचा जुना वाद. १९५८ मध्ये एम. एस. स्वामिनाथन यांनी भारतातल्या जुन्या वाणांचा पुरावा मांडून सांगितलं, की तो अँडीजचा असावा. हे तेच स्वामिनाथन, ज्यांना आपण हरितक्रांतीमुळे ओळखतो. त्यांचं सुरुवातीचं संशोधन बटाट्यावर होतं. २००५ मध्ये भारतीय वाणांची डीएनए तपासणी झाली, तर ते मुख्यतः चिलीच्या घराण्याकडे झुकले! मग २००८ मध्ये संग्रहालयांतल्या वाळवून ठेवलेल्या जुन्या झाडांचा डीएनए तपासला. त्यातून दिसलं, की अठराव्या शतकात युरोपात अँडीजचा बटाटा होता आणि चिलीचा १८११ पासून सापडतो. स्वामिनाथन यांचा पुरावा डगमगला, निष्कर्ष मात्र बराचसा खरा निघाला. हा निवाडा करता आला, कारण साक्षीदार जिवंत होते. कुणीतरी ते कंद वर्षानुवर्षं लावत होतं, आणि कुणीतरी वाळलेली पानं जपून ठेवली होती.

परसातला जांभळा बटाटा

शिमल्याच्या संस्थेने २०१८ च्या सुमारास 'कुफ्री नीलकंठ' आणला. जांभळी साल, आत फिकट पिवळा गर. रंगीत बटाटा हौशी बागेत लावायचा तर सुरुवातीला हा किंवा लाल सालीचा एखादा वाण चांगला.

बेणं मात्र प्रमाणित घ्या. परदेशातून येताना पिशवीत जांभळा बटाटा टाकून आणायचा मोह होतो, तो टाळा. १९५३ मध्ये दार्जिलिंगच्या डोंगरात बटाट्यावर चामखिळीसारखा रोग सापडला, १९६१ मध्ये निलगिरीत सूत्रकृमी सापडला. दोन्ही बाहेरून आलेले, आणि दोन्हींमुळे त्या भागांतून बटाटा बाहेर नेण्यावर बंधनं घालावी लागली. एका कंदाबरोबर काय काय येतं, हे आयर्लंडच्या गोष्टीत आपण पाहिलंच.

मैदानी भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत लावा. डोंगराळ भागात वसंतात लावतात. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारासारख्या ठिकाणी पावसाळ्यातही बटाटा घेतात, पण गच्चीवरच्या नवख्याने थंडीच धरावी. रात्री गार असल्याशिवाय कंद नीट धरत नाही. लावण्याआधी बेणं उजेडाच्या, पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा, म्हणजे आखूड, जाड कोंब फुटतील. भुसभुशीत मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. बेणं पाच-सात सेंटिमीटर खोल लावा, दोन बेण्यांत वीतभर अंतर ठेवा. जागा नसेल तर खोल पिशवीत एक-दोन बेणी लावा आणि पिशवी आधी अर्धीच भरा.

झाड वीतभर वाढलं की बुंध्याशी मातीची भर द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा द्या. ही भर चुकवू नका. नवे कंद लावलेल्या बेण्याच्या वरच्या अंगाला धरतात. उजेड लागला की ते हिरवे आणि कडू होतात. ते हिरवेपण सोलॅनिन या विषाची सूचना देतं, तो भाग खाऊ नये.

तीन ते साडेतीन महिन्यांत पाला पिवळा पडतो. मग पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि दहा-पंधरा दिवस थांबा. या काळात साल घट्ट होते. एक कंद काढून अंगठ्याने घासून पाहा. साल सुटली नाही, तर काढणीला हरकत नाही. खणताना जरा लांबून माती उकरा, म्हणजे कंदाला जखम होणार नाही. काढलेले कंद न धुता सावलीत सुकवा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

आतूनही जांभळा असलेला वाण मिळाला, तर सालीसकट उकडा, म्हणजे रंग पाण्यात कमी उतरतो. लिंबू पिळलंत तर रंग लालसर होतो. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

पुढच्या वर्षासाठी बेणं ठेवायचं, तर निरोगी झाडांचंच ठेवा. पानं वळलेल्या, खुरटलेल्या झाडाचं ठेवू नका, विषाणू कंदातून पुढे जातो. मैदानात उन्हाळाभर बेणं घरी टिकवणं कठीण असतं. ओळखीचा शेतकरी शीतगृहात माल ठेवत असेल, तर त्याच्याकडे चार किलो सोपवता येतात. नाहीतर दर एक-दोन वर्षांनी प्रमाणित बेणं नव्याने घ्या.

शेवटी

पेरूत कुस्को शहराजवळ सहा गावांनी मिळून आपल्या जमिनीचं 'बटाटा उद्यान' केलं. लिमाला १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने त्यांच्या पूर्वजांचे शेकडो वाण जपून ठेवले होते. २००४ च्या करारानंतर ते त्या गावांना परत मिळू लागले. २०१५ मध्ये याच गावांच्या बटाट्याचं बियाणं उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डच्या बर्फातल्या बीज-कोठारात ठेवलं गेलं. तापमान वाढतंय, तशी तिथली शेतं डोंगरात वर वर सरकतायत. उद्या वर जायला डोंगर उरला नाही, तर काय होईल, ही चिंता त्या गावांना आहे.

कोठार महत्त्वाचं आहेच. पण कोठारातला वाण तिथेच थांबतो. शेतात लावलेला वाण दर वर्षी नव्या हवेला, नव्या रोगाला तोंड देतो, आणि त्याची चव, त्याचं नाव माणसांच्या तोंडी राहतं. आपली गच्ची काही जगाचे वाण वाचवणार नाही. पण मागणी असेल तेच पिकतं, हा बाजाराचा साधा नियम आहे. चार घरांत जांभळा बटाटा शिजला, तर भाजीवाल्याला कधीतरी "कुठला देऊ?" असं विचारावं लागेल. तो प्रश्न पुन्हा विचारला जावा, एवढ्यासाठी आजची ही गोष्ट सांगितली.